धारेचे बाक

वर्गात 'सहाण' हा शब्द आला की गेली अठरा वर्षे मी एक ठरलेले व्याख्यान देतो. संस्कृतात 'शाण' म्हणजे शस्त्राला धार लावण्याचा दगड. मराठीत येता येता त्याची सहाण झाली, शस्त्र बाजूला पडले आणि त्या जागी चंदनाचे खोड आले. मग 'शिकलगार' येतो. तो फारसी 'सैकलगर'; सैकल म्हणजे झिलई. सुताराचा रंधाही फारसीच. करवत मात्र संस्कृत 'करपत्रा'ची लेक. मुले हे सारे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जसेच्या तसे परत करतात आणि आम्ही परस्परांचे समाधान करून मोकळे होतो. या व्यवहारात गेल्या वर्षीपर्यंत कधी खोट आली नव्हती. ती आली वडिलांच्या एका पटाशीपायी.

माझे वडील पॅटर्नमेकर होते. हा धंदा पुष्कळांना ठाऊक नसतो, म्हणून दोन शब्द सांगतो. यंत्राचा एखादा भाग, पंपाचे कवच म्हणा की मशीनचे बूड म्हणा, लोखंडाचा रस ओतून करायचा असला तर आधी त्याची लाकडाची प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबून अलगद काढून घेतली की वाळूत पोकळी राहते आणि त्या पोकळीत रस ओततात. ही लाकडी प्रतिकृती करणारा तो पॅटर्नमेकर. सुतारांतला सुतार. त्याच्या हातात केसभर चूक झाली तर ती पुढे शंभर नगांत उमटते. घाटकोपरपासून भांडुप-मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना एके काळी कारखान्यांची रांग होती. त्यांतल्या एका कारखान्यात वडील १९६८ साली लागले. १९९४ साली तो बंद पडला. आज त्या रस्त्याने गेले तर चिमण्यांच्या जागी मॉल आणि तीस-तीस मजल्यांच्या इमारती दिसतात; तिथे कधी लोखंड वितळत होते हे सांगूनही कोणाला पटायचे नाही.

कारखान्यातून वडील घरी आले ते एक लाकडी पेटी घेऊन. ती त्यांनी देवघराखालच्या फळीवर ठेवली. पुढे वीस वर्षे ते जगले, एका औषधांच्या दुकानात हिशेब लिहीत राहिले. पण त्या पेटीतले एकही हत्यार त्यांनी लाकडाला लावले नाही. फक्त खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पेटी उघडायची. स्वयंपाकघरात सतरंजी पसरायची, एका उपड्या खोक्याला हाताने फिरवायचे छोटे धारेचे चाक आवळायचे आणि पटाश्या, रंध्याची पाती एकेक करून पाजवायची. अशा चाकाची गंमत अशी की हत्यार धरायला दोन हात लागतात आणि मूठ फिरवायला तिसरा. तो तिसरा हात माझा. "फिरव." "हळू." "थांब." आमच्या पिढीजात धंद्यात माझा वाटा एवढाच. कॉलेजात गेल्यावर अंगात जरा शहाणपण शिरले तेव्हा मी एकदा विचारले, "बाबा, वापरायचीच नाहीत तर दरवर्षी धार कशाला?" ते म्हणाले, "तू फिरव." पुढल्या वर्षी मी परीक्षेचे निमित्त सांगून बाहेर गेलो. त्या वर्षी मूठ कोणी फिरवली हे मी कधी विचारले नाही. २०१४ साली ते गेले. पेटी तशीच राहिली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या न्हाणीघराचे दार फुगले. चौकट थोडी तासली की काम भागेल असे वाटून मी पेटी उघडली आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक इंची पटाशी काढली. चौकटीत एक खिळा दडला होता. पटाशीला दात पडला. आता हिला धार लावली पाहिजे, एवढे व्युत्पत्तिशास्त्राच्या बळावर माझ्या ध्यानात आले. एका स्नेह्याकडे विजेवर चालणारा ग्राइंडर होता. सहा इंची चाक, मिनिटाला सुमारे २,८०० फेरे. म्हणजे चाकाची कड ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने पळत असते, भरधाव लोकलच्या बरोबरीने. त्यावर मी पटाशी दाबून धरली. ठिणग्यांची अशी फुलबाजी उडाली की स्नेह्याची मुले टाळ्या पिटू लागली. दोन मिनिटांत दात गेला. टोकाशी मोरपिसासारखा निळा रंग चढला होता, तोही मला फार देखणा वाटला. घरी येऊन चौकटीला पटाशी लावली आणि तिसऱ्या ठोक्याला तिची धार पत्र्यासारखी दुमडली.

आमच्या तळमजल्यावर एक काका राहतात. कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची सारी हयात गेली. त्यांना मी पटाशी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि पोराच्या अंगाला हात लावून ताप पाहावा तसा त्या निळ्या पट्ट्यावर अंगठा फिरवला.

"मास्तर, ही भाजलीत तुम्ही."

मग त्यांनी जे सांगितले ते असे. पोलाद लालबुंद तापवून एकदम थंड केले की ते कठीण होते. पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्याला पुन्हा बेताने तापवायचे. सुमारे २३० अंशांवर घासलेल्या पोलादावर वाळल्या गवताचा पिवळा रंग येतो, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. पटाशीला पिवळ्यावरच थांबवायचे असते. निळे पोलाद स्प्रिंगला चांगले. धारेला कुचकामाचे, त्यात कठीणपणा उरत नाही. लोहार आणि टूलरूमवाले याला पाणी देणे म्हणतात, आणि एखाद्याचे पाणी उतरले असे आपण म्हणतो तेही माझ्या मते इथूनच कुठून तरी आले असावे. मी ते पाणी दोन मिनिटांत उतरवले होते.

काकांनी पटाशी पट्टीवर ठेवून मोजली. "नवी असताना पाते पाच इंचांच्या वर असेल. आता तीनच्या जरा वर आहे. तुमच्या वडिलांनी दोन इंच झिजवली, सव्वीस वर्षांच्या कामात आणि नंतरच्या त्या खंडेनवम्यांत. तुमचा हा निळा भाग काढायचा म्हणजे पाव इंच जाणार. एका दुपारीत."

ते रागावून बोलले असते तर बरे झाले असते. ते नुसते मापे सांगत होते.

पाव इंच काढायचे तर ते सावकाश, थंडपणे, पाण्यात बुडवत बुडवत काढले पाहिजे. म्हणजे पुन्हा ते हाताने फिरवायचे चाक आले. वडिलांच्या चाकाचे दाते झिजून गेले होते. आणि चाक नवे आणले तरी बसवायचे कशावर? उपड्या खोक्यावर वडील बसवीत, कारण त्यांच्या हातालाच स्थैर्य होते. "तुम्हाला बाक पाहिजे," काका म्हणाले. "हलणार नाही असे. धार दगड लावत नाही, मास्तर, न हलणे लावते."

आपल्या जुन्या सुताराला असे बाक ठाऊक नव्हते. तो जमिनीवर बसे, लाकूड पायाच्या अंगठ्यांनी दाबून धरी आणि त्याचे शरीर हेच त्याचे बाक असे. 'बाक' हा शब्ददेखील पोर्तुगीजांच्या 'बांको'वरून आलेला. उभे राहून, शिकंज्यात लाकूड आवळून काम करण्याची रीत कारखान्यांनी आणि कलाशाळांनी आणली. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, १९१५ साली माटुंग्याला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आला. कोकणातून आलेल्या सुतारांच्या पोरांना तिथे आणि त्यांच्यासारख्या ठिकाणी उभे राहावे लागले. वडील दोन्ही रीतींचे. कारखान्यात उभे, घरी मांडी घालून.

लाकडासाठी काका मला घाटकोपरच्या एका वखारीत घेऊन गेले. उपनगरांतल्या जुन्या चाळी आणि बंगल्या हल्ली भराभर पडत आहेत, आणि त्यांच्या तुळया अशा वखारींत येऊन उभ्या राहतात. पुष्कळदा त्यात अस्सल ब्रह्मदेशी सागवान सापडते. वरून काळे, खिळ्यांच्या भोकांनी भरलेले, चुन्याचे डाग पडलेले. पण रंध्याचा एक हात फिरला की आतून मधासारखा रंग आणि चामड्यासारखा वास. आम्ही अडीच घनफूट घेतले. तिथल्याच करवतीवर कापून घेताना मालकाने आधी चुंबक फिरवून खिळे शोधले, तरी एक राहिलाच. करवतीचा तो किंकाळीसारखा आवाज ऐकून मला न्हाणीघराची चौकट आठवली आणि जरा बरे वाटले. चूक करणारा मी एकटाच नव्हतो.

आखणी साधी होती. वरची फळी चार फूट लांब, वीस इंच रुंद, दोन इंच जाड. चार पाय, तीन इंच चौरस. पायांना वर आणि खाली आडव्या पट्ट्या. उंची तेहतीस इंच. सरळ उभे राहून हात खाली सोडला की मनगटाची घडी जिथे येते तिथे फळी यावी, म्हणजे दगडावर पाते घासताना खांदा वरून वजन देतो आणि कंबर मोडत नाही. खिळा एकही नाही. पट्टीच्या टोकाला कुसू काढायचे, पायात खोबण खणायची आणि एकात एक बसवायचे. चार पायांना मिळून सोळा खोबणी.

खोबणी खणायला अर्धा इंची पटाशी लागते. पेटीत ती होती. मी फडके सोडले तेव्हा तिच्या टोकावर उजेडाची रेघ दिसत नव्हती. बोथट धारेवर उजेड चमकतो, खऱ्या धारेवर तो थांबायला जागाच नसते. अंगठ्याच्या नखावर टेकवली, घसरली नाही, रुतली. २०१३ च्या खंडेनवमीला लावलेली धार. त्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता.

मी तशीच घेऊन बसून राहिलो. ही पटाशी वापरली की ती धार जाणार. पुन्हा लावता येईल, पण ती माझी असेल. दुकानातून नवी आणावी, ही तशीच फडक्यात ठेवावी, असे मनात आले. काकांना सांगितले नाही. पण बहुधा त्यांना कळले असावे, कारण ते उगाचच चष्मा पुसत राहिले. शेवटी मीच मोगरी उचलली. पहिल्या खोबणीत सागाची ढलपी अशी सुटली की ठोका मारल्याचे हाताला कळलेच नाही. भिंती काचेसारख्या. चौथी, पाचवी, सहावी तशीच. अकराव्या खोबणीला आवाज बदलला; लाकूड कापले जाण्याऐवजी चिरडू लागले. सोळावीपर्यंत मी ओढूनताणून आलो. आमच्या बाकाच्या पुढच्या उजव्या पायातल्या खोबणी सर्वांत स्वच्छ आहेत. त्या आता कुसवांनी भरल्या आहेत, कोणाला दिसायच्या नाहीत.

आता त्या पट्टीची हकीकत सांगायला हवी, जरी ती सांगताना मराठीचा अध्यापक म्हणून माझी मान खाली जाते. पुढचे दोन पाय मी शनिवारी नेहमीच्या टेपने मोजून कापले. रविवारी टेप सापडेना. मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी नेली होती. पेटीत वडिलांची दोन फुटी पोलादी पट्टी होती. तिच्या टोकाशी सुईने कोरल्यासारखी अक्षरे होती: 'बीड'. मला वाटले, बीड गावच्या कोणा सहकाऱ्याने भेट दिली असेल. तिने मागचे दोन पाय मोजले, कापले. बाक उभे केले तर मागची बाजू बोटभर उंच! पुन्हा मोजले. टेपने मोजावे तर मागचे पाय तेहतीस इंच आणि वर एक तृतीयांश. पट्टीने मोजावे तर बरोबर तेहतीस.

काकांनी पट्टी हातात घेतली आणि ते हसू लागले, इतके की त्यांना खाली बसावे लागले.

"अहो मास्तर, बीड म्हणजे गाव नव्हे! बीड म्हणजे बीड. ओतीव लोखंड."

बीड म्हणजे ओतीव लोखंड हे मला ठाऊक नव्हते काय? कोशात पाहिलेले होते, एकदा प्रश्नपत्रिकेतही घातले होते. ओतलेले बीड थंड होताना आकसते, फुटाला सुमारे अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्नमेकर आपली लाकडी प्रतिकृती तेवढी मोठी करतो आणि दर वेळी हिशेब करावा लागू नये म्हणून त्याच्यासाठी वेगळी पट्टी असते; तिचा प्रत्येक फूट खऱ्या फुटाहून अष्टमांश इंच लांब. माझे वडील सव्वीस वर्षे अशा फुटाने मोजत होते. घरी आमच्या शाळेच्या वह्यांना समास आखून देताना ते पेटीतली पट्टी कधी वापरत नसत, माझी लाकडी पट्टी मागून घेत. त्याचे कारण मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळले.

मागचे पाय कापून टाकायला मी करवत घेतली, तर काका म्हणाले, जरा थांबा. बाक जिथे ठेवायचे त्या गॅलरीत ते आम्ही उचलून नेले. मुंबईतल्या गॅलरीची फरशी पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून बाहेरच्या अंगाला उतरती असते. मागचे लांब पाय बाहेरच्या बाजूला आले. काकांनी फळीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा किंचित डुलला आणि दोन रेघांच्या मधोमध उभा राहिला. मी करवत परत ठेवली.

लाकडाचे वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास भरले, पण धारेच्या बाकाला तेवढे पुरत नाही. चाक फिरू लागले की बाक थरथरते आणि ती थरथर पात्यावर उमटते. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी नुकताच ओट्याचा कडप्पा काढून ग्रॅनाइट बसवला होता. तो तीसेक किलोचा कडप्पा खालच्या पट्ट्यांवर आडवा बसवला. बाक जमिनीत रुजल्यासारखे झाले. कडप्प्याचा आणखी एक उपयोग आहे. धारेचा दगड वापरून वापरून मध्ये खोलगट होतो आणि खोलगट दगडावर पाते कधीच सरळ होत नाही. बाजूला राहिलेल्या कडप्प्याच्या तुकड्यावर बारीक वाळू आणि पाणी टाकून त्यावर दगडच घासायचा, म्हणजे तो पुन्हा सपाट होतो. दगडालाही दगड लागतो.

चाक आणि दगड आणायला धीम्या गाडीने मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो. हत्यारांची ती गल्ली म्हणजे मला एक नवाच शब्दकोश वाटला, फक्त तो वर्णानुक्रमे लावलेला नाही. दुकानदाराने चाक भोकात बोट घालून टांगते धरले आणि लाकडी मुठीने टिचकी मारली. टण् असा स्वच्छ आवाज आला. "बद्द वाजला तर तडा," तो म्हणाला. माठ घेताना आई हेच करी. आणि ते साहजिकच आहे, कारण हे चाक एका अर्थी मडकेच असते: कठीण कण चिकणमातीसारख्या द्रव्यात कालवायचे, साच्यात दाबायचे आणि भट्टीत भाजायचे. वापरताना बोथट झालेले कण गळून पडतात आणि खालचे नवे वर येतात. आपल्या देशात अशी चाके करायचा उद्योग १९४१ साली सुरू झाला तो उरणजवळच्या मोऱ्याला, भाऊच्या धक्क्यावरून लाँच जाते त्याच मोऱ्याला.

दगड मागितला तर दुकानदाराने कार्बोरंडमचा दिला, एका बाजूने जाड, एका बाजूने बारीक. या नावाची कुंडली मात्र मी घरी येऊन मांडली. आपला 'कुरुंद' हा फार जुना शब्द; तमिळमध्ये 'कुरुंदम', संस्कृतात माणकाला 'कुरुविंद'. हिऱ्याखालोखाल कठीण असा हा खनिज दगड. त्याची पूड लाखेत कालवून आपले कारागीर धारेची चाके करीत. हाच शब्द इंग्रजीत जाऊन 'कोरंडम' झाला. पुढे १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन नावाचा संशोधक कृत्रिम हिरा करण्याच्या खटपटीत होता. त्याने लोखंडी भांड्यात चिकणमाती आणि कोक घालून त्यातून वीज सोडली. हिरा काही झाला नाही. पण काचेवर ओरखडा काढणारे चकचकीत स्फटिक मिळाले. त्याला वाटले, हा कार्बन आणि कोरंडम यांचा संयोग असावा. म्हणून नाव ठेवले कार्बोरंडम. प्रत्यक्षात त्यात कोरंडम औषधालाही नव्हते. ते सिलिकॉन आणि कार्बन यांचे संयुग निघाले. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. म्हणजे ज्या दगडाच्या नावात आपला कुरुंद आहे त्यात कुरुंद नाही. आणि माझ्या बाकावरचे ते करडे चाक, ज्याला कोणी कुरुंद म्हणत नाही, ते ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, म्हणजे रसायनशास्त्राच्या दृष्टीने चोख कुरुंदाचे! हे मी काकांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ते म्हणाले, "असेल. तुम्ही पाण्याचे भांडे डावीकडे ठेवा."

मग भाजलेली पटाशी. मूठ फिरवायला मुलगी उभी राहिली. ती नववीत आहे आणि तिला प्रत्येक गोष्ट वेगाने करायची सवय आहे. "हळू," मी म्हणालो, आणि तो आवाज माझाच की दुसऱ्या कोणाचा असा क्षणभर भ्रम झाला. पाते टेकवायचे, चार फेरे, पाण्यात बुडवायचे. पुन्हा चार फेरे. बोट लावून चटका बसला तर आपण आधीच उशीर केला असे समजायचे. पाव इंच जायला दोन रविवार लागले. निळा पट्टा अरुंद होत होत शेवटी गेला. उतार किती ठेवायचा? काकांचे माप असे: पात्याच्या जाडीच्या दुपटीहून थोडा जास्त लांब. कोनमापकाने पाहिले तर तो पंचवीस अंश भरतो. नंतर दगडाची जाड बाजू, मग बारीक. पात्याच्या पाठीवर बोट फिरवले की पोलादाची सूक्ष्म कड वळलेली लागते. ती टोकभर सारखी लागली म्हणजे ही बाजू झाली. पाठ दगडावर सपाट ठेवून ती कड काढायची, मग चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर दहा-वीस हात.

पहिल्या दिवशी माझी धार एका कोपऱ्यात चांगली आणि दुसऱ्यात गोल झाली. दुसऱ्या दिवशी कोपरे बदलले. आठवड्याने नखावर टेकली. वडिलांच्या धारेशी तिची तुलना मी केलेली नाही. करायला ती धारच आता शिल्लक नाही. अर्धा इंची अजून बोथटच आहे. तिला मी इतक्यात हात लावणार नाही, आधी स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांवर हात बसू दे.

यंदाच्या खंडेनवमीला हत्यारे देवघरासमोर न मांडता बाकावरच मांडली. पट्टीही मांडली. मुलीने तिच्यावर कागद चिकटवला होता: 'ही पट्टी कोणी वापरू नये.' काकांनी कागद काढून घडी करून खिशात घातला. तिला ते एवढेच म्हणाले, "पोरी, ही लाकडाची नाही, बिडाची पट्टी आहे."

दिवाळी जवळ आली तशी इमारतीत बातमी पसरली आणि दारात विळ्या येऊ लागल्या. आजपर्यंत सात. सायकल स्टँडवर चढवून पायडलने चाक फिरवणारा धारवाला आमच्या गल्लीत महिन्या-दोन महिन्यांनी एकदा येतो. पण फराळाच्या ऐन गर्दीत तो कधी सापडत नाही, असे पत्नीचे म्हणणे. आता अडचण अशी की विळीचे पाते पाटाला जखडलेले आणि वर वळलेले. ती दगडावर नेता येत नाही, दगडच तिच्याकडे न्यावा लागतो. आणि त्यासाठी विळीचा पाट बाकावर घट्ट बसला पाहिजे. पाट शिकंज्यात मावत नाहीत, प्रत्येकीचा आकार निराळा. काकांचे म्हणणे, फळीच्या डाव्या कडेला दीड इंचाची खाच काढून त्यात पाचर मारावी. मला त्या फळीला करवत लावायचे जिवावर आले आहे. शनिवारी ते पाणसळ घेऊन येणार आहेत. तोवर सात विळ्या गॅलरीत वर्तमानपत्राखाली झाकून ठेवल्या आहेत, आणि रोज संध्याकाळी कोणी ना कोणी येऊन विचारून जाते की झाली का?